ऐकणाऱ्याच्या पावलानं

महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हापासून मी एक वही जवळ ठेवते. विद्यार्थ्यांचे सेमिनार असले की शेवटच्या बाकावर जाऊन बसते. गुणांचा तक्ता समोर असतोच, पण वहीत वेगळी नोंद करते : कितव्या मिनिटाला माना खाली गेल्या. कोणी पेन खाली ठेवलं, कोणी खिडकीबाहेर बघू लागलं, कोणाचा हात बाकाखालच्या मोबाइलकडे गेला, त्या वेळी फळ्यावर काय होतं आणि बोलणारा काय म्हणत होता, एवढं दोन ओळींत लिहायचं. बरीच वर्षं माझी समजूत होती की माना अवघड समीकरणापाशी खाली जातात. वहीनं ती खोटी ठरवली. समीकरण येण्याच्या कितीतरी आधी, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच, वर्ग हातातून गेलेला असतो. तिथे तीन नवे शब्द पाठोपाठ येऊन गेलेले असतात आणि मध्ये दम घ्यायला जागा नसते. समीकरणापाशी ते फक्त उघडकीला येतं.

हे पुस्तक त्या दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाबद्दल आहे. तांत्रिक विषय, तो कधीच न शिकलेल्या माणसांपुढे, ठरलेल्या वेळात मांडायचा असेल तर चाल कशी ठेवावी, एवढाच त्याचा विषय. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, एमएस्सीचा पहिला सेमिनार तोंडावर आला असेल, पीएचडीचं काम दुसऱ्या विभागापुढे मांडायचं असेल किंवा नुकतंच शिकवायला लागला असाल, तर तुमच्यासाठीच हे लिहिलं आहे. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, भाषा, रंगभूमी असा चारी बाजूंनी या अभ्यासाला रस्ता येतो. तुम्ही ज्या बाजूनं आला असाल त्या बाजूनं आत या. आधीची तयारी लागत नाही. लागते ती ऐकणाऱ्याबद्दलची आस्था.

सेमिनारच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला एकच सल्ला मिळतो : सावकाश बोल. सल्ला देणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, पण त्यातून विद्यार्थी फक्त शब्द लांबवायला शिकतो. मिनिटाला दीडशे शब्दांऐवजी शंभर बोलले म्हणून वर्गाला जास्त कळतं, असा माझा अनुभव नाही. सुदाम्याचे पोहे सांगताना कीर्तनकार किती वेगानं बोलतो ते आठवा. शब्दांची सर आल्यासारखी येते, तरी मागच्या रांगेतली आजी त्यातला एकही शब्द सोडत नाही. सुदामा तिच्या ओळखीचा, द्वारका ओळखीची, पुरचुंडी लपवणारा तो हातही ओळखीचा. तोच कीर्तनकार तासाभरापूर्वी पूर्वरंगात एका अभंगाच्या एका चरणावर निरूपण करत होता तेव्हा एकेका शब्दापाशी थांबत होता, घरातला, शेतातला, बाजारातला दाखला देत होता. निरूपण संपल्यावर त्यानं नामगजर घेतला, सगळी सभा टाळ्यांत मिसळली, आखडलेली अंगं मोकळी झाली आणि मगच उत्तररंगातलं आख्यान सुरू झालं. नारदीय कीर्तनाची ही बांधणी करणाऱ्यांना ऐकणाऱ्यांची दमछाक नेमकी ठाऊक होती. जिथे नवं आहे तिथे थांबायचं, जिथे ओळखीचं आहे तिथे धावायचं, आणि मध्ये माणसांना जरा हलू द्यायचं.

या पुस्तकात गती हा शब्द मी या अर्थानं वापरते : दोन नव्या गोष्टींमधलं अंतर. तोंडाचा वेग हा वेगळा मुद्दा आहे आणि तुलनेनं सोपा.

हे अंतर का लागतं, याचा शोध मानसशास्त्रानं गेली सत्तर वर्षं घेतला आहे. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी एक निबंध लिहिला. माणूस एका वेळी मनात सातच्या आसपास गोष्टी धरून ठेवू शकतो, फार तर दोन इकडे, दोन तिकडे, असं त्यांनी दाखवलं. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी पुराव्यांची नव्यानं छाननी केली आणि हा आकडा चारच्या आसपास आणला. पण मिलर यांच्या निबंधातला खरा मोलाचा भाग आकड्यात नाही. 'एक गोष्ट' कशाला म्हणायचं, या प्रश्नात आहे. ओळखीचे सुटे तुकडे मन एकत्र बांधतं आणि त्या गठ्ठ्याला एकच गोष्ट मानतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळ खेळणाऱ्यांवर केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली, तर मुरलेला खेळाडू बरीचशी मोहरी जागच्या जागी लावून दाखवत होता आणि नवशिक्याला थोडीच आठवत होती. मग मोहरी पटावर वाटेल तशी ठेवली, तेव्हा मुरलेल्या खेळाडूचा वरचष्मा जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्याची स्मरणशक्ती मोठी नव्हती, त्याचे गठ्ठे मोठे होते.

सेमिनार देणारा विद्यार्थी हा त्या मुरलेल्या खेळाडूसारखा असतो. त्यानं सहा महिने एका विषयात घालवलेले असतात. त्याचा एक गठ्ठा ऐकणाऱ्याच्या ओंजळीत पडतो तेव्हा त्याचे पाच-सहा सुटे दाणे झालेले असतात, आणि तो तर लगेच पुढचा गठ्ठा उचलतो. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला बोधभाराचा सिद्धान्त याच दाण्यांचा हिशेब ठेवतो. या पुस्तकाचं दुसरं प्रकरण पूर्णपणे त्याला दिलं आहे, म्हणून इथे थांबते.

अडचण अशी की बोलणाऱ्याला हे दिसत नाही. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी पीएचडीसाठी एक साधा प्रयोग केला. काही जणांनी सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यानं गाणं ओळखायचं. १२० वेळा ठेका वाजवला गेला, गाणं ओळखलं गेलं फक्त ३ वेळा. वाजवणाऱ्यांचा आधीचा अंदाज होता की निम्मी तरी ओळखली जातील. त्यांच्या कानात सूर, शब्द, पेटी सगळं वाजत होतं, समोरच्याच्या कानावर नुसती टकटक पडत होती. हा प्रयोग मी दरवर्षी पहिल्या तासाला बाकांवर करवून घेते. आपल्या शाळेतली रोजची प्रार्थना वाजवायला सांगते. ठेका वाजवणाऱ्याच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघितलं की पुढचं व्याख्यान निम्मं झाल्यासारखं असतं.

आता एक उदाहरण जवळून बघू.

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीला आरएसए हा विषय मिळाला होता. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लिओनार्ड ॲडलमन यांनी १९७७ साली एमआयटीत शोधलेली ही गुप्तलेखनाची पद्धत. कुलूप जगाला वाटून टाकायचं, किल्ली तेवढी आपल्यापाशी ठेवायची, अशी तिची कल्पना. वेळ होता वीस मिनिटं. समोर वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि वाणिज्य शाखेची मुलं बसणार होती. पहिल्या तालमीत तिनं चार मिनिटांत प्राइम, कोप्राइम, मॉड्युलो, टोशंट, इन्व्हर्स आणि पब्लिक की असे सहा शब्द सांगून टाकले आणि ऑयलरच्या प्रमेयाची सिद्धता सुरू केली. तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. बोलत होती तीही शांतपणे. मी वहीत लिहिलं : मिनिट तीन.

तालीम संपल्यावर तिला विचारलं, "तुला स्वतःला हे पहिल्यांदा कधी कळलं?" ती म्हणाली, "लायब्ररीत, मॅडम. लहान आकडे घेऊन कागदावर करून बघितलं तेव्हा." तो कागद तिच्या पीपीटीत कुठेच नव्हता. ज्या पायऱ्यांनी ती वर आली होती त्या तिनं घरी ठेवल्या होत्या, कारण तिला त्या पोरकट वाटत होत्या.

प्रत्यक्ष सेमिनारच्या दिवशी तिनं सुरुवातीला प्रोजेक्टर लावलाच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून विचारलं, "आता नऊ वाजलेत असं समजा. पाच तासांनी किती वाजतील?" वर्ग म्हणाला, "दोन." "चौदा का नाही म्हणालात?" थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग वाणिज्य शाखेचा एक मुलगा म्हणाला, "बारा वजा केले." ती म्हणाली, "बरोबर. बारानं भागून जी बाकी उरते ती घेतली. आज एवढंच गणित लागणार आहे. फक्त आपल्या घड्याळावर बाराऐवजी तेहेतीस आकडे आहेत." मॉड्युलो हा शब्द तिनं अजून उच्चारला नव्हता. बाकी हा शब्द प्रत्येकाला तिसरी-चौथीपासून माहीत होता.

मग फळ्यावर दोन आकडे लिहिले : ३३ आणि ३. "हे माझं कुलूप, सगळ्यांनी लिहून घ्या. आता तुम्हाला ४ हा निरोप माझ्याकडे पाठवायचाय. कुलपातला दुसरा आकडा ३ आहे, म्हणून चारचा तिसरा घात." ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ६४. ३३ नं भागलं, बाकी ३१. "निरोप ४ होता, वाटेत जाताना ३१ आहे." एवढं बोलून तिनं खडू खाली ठेवला आणि गप्प राहिली. पोरं वहीत लिहीत होती, शेजारच्याचं बघत होती. ती गप्प बसणंही तिनं तालमीत घोटलं होतं.

"माझी किल्ली ७ आहे, ती मी कोणाला सांगत नाही. आज तुम्हाला सांगते. ३१ चा सातवा घात करा आणि ३३ नं भागून बाकी सांगा." वर्गात चुळबुळ झाली, दोघांनी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडला. ती म्हणाली, "एकदम नको. आधी ३१ गुणिले ३१." ९६१. तेहेतीस एकोणतीस ९५७, बाकी ४. "हा दुसरा घात झाला. चौथा?" ४ गुणिले ४, १६. "सहावा?" १६ गुणिले ४, ६४, बाकी ३१. "आता सातवा. पुन्हा एकदा ३१ नं गुणायचं." इथे मागच्या बाकावरून आवाज आला, "ते तर मघाशी केलं. चार! परत चार आला!"

अकरावं मिनिट होतं. माझ्या वहीत त्या दिवशी त्या मिनिटासमोर 'सगळ्या माना वर' अशी नोंद आहे.

तिला हेही ठाऊक होतं की तेहेतीस आकड्यांच्या घड्याळावर ३१ म्हणजेच उणे २, आणि तसं धरलं तर हे सगळं दोन ओळींत सुटतं. ती युक्ती तिनं मुद्दाम वापरली नाही. जाणकारांपुढे असती तर वापरलीच पाहिजे होती, नाहीतर ते कंटाळले असते. इथे मात्र उणे २ ही आणखी एक नवी गोष्ट झाली असती, आणि ती नेमकी उत्तर फुटण्याच्या तोंडावर येऊन पडली असती.

७ कुठून आला, याला तिनं दोन मिनिटं दिली. ३३ म्हणजे ३ गुणिले ११. दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार केला, २ गुणिले १०, म्हणजे २०. कुलपातल्या ३ ला अशा संख्येनं गुणायचं की २० नं भागल्यावर बाकी १ उरावी. तीन साती एकवीस. झालं. "म्हणजे ज्याला ३३ चे दोन तुकडे करता आले त्याला किल्ली मिळाली. तेहेतीसचे तुकडे तुम्ही बसल्या जागी केलेत. मोठ्या संख्येचे करा बघू." आणि मग तिनं पहिली स्लाइड लावली. तिच्यावर एकच गोष्ट होती, १२९ अंकांची एक संख्या. मार्टिन गार्डनर यांनी १९७७ च्या ऑगस्टमध्ये सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरातून ही संख्या वाचकांपुढे आव्हान म्हणून ठेवली होती. तिचे दोन तुकडे हाती लागायला १९९४ साल उजाडलं, आणि त्यासाठी जगभरच्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कामाला लावले होते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या २०४८ बिटांच्या किल्लीमागची संख्या ६१७ अंकी असते. ही वाक्यं तिनं भराभर सांगितली. तोपर्यंत वर्ग तिच्याबरोबर धावायला तयार झाला होता.

ही पद्धत प्रत्येक वेळी का चालते, याची सिद्धता तिनं दिली नाही. तसं उघड सांगितलं, "याचं कारण ऑयलरच्या प्रमेयात आहे. आज मी ते सांगणार नाही, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा. ज्यांना हवं असेल त्यांनी तास संपल्यावर थांबा." तिघं थांबली. परीक्षकांपैकी एकांनी मात्र 'मुख्य सिद्धता गाळली' असा शेरा मारून गुण कमी केले. माझ्या मते तो शेरा चुकीचा होता. गाळलेलं काय आहे आणि ते कुठे मिळेल, हे ऐकणाऱ्याला स्पष्ट सांगितलं तर गाळणं हा दोष राहत नाही. तोंडपाठ सिद्धता चार मिनिटांत वर्गाच्या डोक्यावरून घालवण्यापेक्षा ते कितीतरी प्रामाणिक आहे.

या सेमिनारात वेळेची वाटणी सारखी नव्हती, हे लक्षात घ्या. शाळेत शिकलेल्या बाकीवर सात मिनिटं आणि जागतिक आव्हानावर जेमतेम तीन. विद्यार्थी आराखडा करतात तेव्हा पाच मुद्दे, प्रत्येकी चार मिनिटं, अशी वाटणी करतात आणि तिथेच फसतात. समान वाटणी आपल्या मराठीतल्या पहिल्या थोर निरूपणकारानंही केली नव्हती. गीतेचे ७०० श्लोक संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यांपुढे उलगडताना ज्ञानेश्वरांनी ते सुमारे ९,००० ओव्यांपर्यंत नेले. पण सगळीकडे सारखे ताणले नाहीत. पहिल्या अध्यायात ४७ श्लोक आहेत, त्यांच्या वाट्याला पावणेतीनशेच्या आसपास ओव्या आल्या. तेराव्यात श्लोक त्याहून कमी आहेत आणि ओव्या हजाराच्या वर. पहिल्या अध्यायात युद्धभूमीचं वर्णन आहे, कथा आहे, ती श्रोत्यांच्या ओळखीची. तेराव्यात क्षेत्र, क्षेत्रज्ञ, ज्ञानाची लक्षणं असे कठीण शब्द एकामागून एक येतात. एकेका लक्षणापाशी ज्ञानेश्वर दृष्टान्तावर दृष्टान्त देत थांबतात. श्रोत्याला नवं काय आहे यावरून चाल ठरवण्याचं इतकं नीट मोजता येणारं दुसरं मराठी उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या वर्गांत आणखी एक ओझं असतं. स्लाइड इंग्रजीत, बोलणं अर्धं मराठी अर्धं इंग्रजी, आणि समोर बसलेल्यांपैकी पुष्कळ जण दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले. 'प्राइम नंबर' ऐकल्यावर त्यातल्या काहींच्या मनात आधी 'मूळ संख्या' उमटते, 'कोप्राइम'ला 'सहमूळ', 'जीसीडी'ला 'मसावि'. तेवढ्या वेळात बोलणारा पुढच्या ओळीवर गेलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. पहिल्यांदा शब्द आला की दोन्ही नावं घ्या. त्यानं ऐकणाऱ्याला आधार मिळतो आणि दोन सेकंदांची उसंतही मिळते. आणखी एक गोष्ट त्यातून होते. भागाकार पद्धतीनं मसावि काढायला आपण शाळेत शिकलो, तीच युक्लिडची रीत, आणि आरएसएची किल्ली शोधायला तीच थोडी वाढवून वापरतात. हे कळल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाला जाणवतं की आपण अगदीच कोरी पाटी घेऊन आलेलो नाही. मग तो ऐकतो.

शांततेबद्दल थोडं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना आढळलं. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तेव्हा उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, एरवी न बोलणारीही बोलू लागली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाचताना वाटतं. फळ्यापुढे उभं राहून मोजून बघा, घशाला कोरड पडते.

आपल्याकडे त्या सेकंदाची जागा 'कळलं का?' या प्रश्नानं घेतली आहे. हात आधीच पुढच्या स्लाइडच्या बटणावर असतो, वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो आणि गाडी पुढे जाते. ज्याला कळलेलं नाही तो चारचौघांत 'नाही' म्हणत नाही, आणि बऱ्याचदा आपल्याला कळलेलं नाही हे त्याचं त्यालाही कळलेलं नसतं. म्हणून हा प्रश्न माझ्या वर्गात मी बंद केला आहे. त्याऐवजी एक छोटं काम द्यावं, वीस सेकंदांत होणारं. '६४ ला ३३ नं भागून बाकी काय?' असं. उत्तर आलं तर पुढे जा, नाही आलं तर एक पायरी मागे या. ज्याला 'कळलं का?' विचारण्याची सवय जडली आहे त्याला हे सुरुवातीला फार जड जातं, मलाही गेलं.

खडू आणि स्लाइड यांच्या भांडणात मी कोणा एकाची बाजू घेणार नाही, पण खडूचा एक गुण सांगायलाच हवा. लिहायला वेळ लागतो. बोलणाऱ्याला हवं असो वा नसो, ऐकणाऱ्याला तेवढी सवड मिळते, आणि ओळ कोणत्या क्रमानं जन्माला आली हेही त्याला दिसतं. स्लाइडवर सगळं एकाच वेळी हजर होतं. रिचर्ड मेयर आणि पॉल चँडलर यांनी २००१ साली वीज कशी पडते हे सांगणारी १४० सेकंदांची बोलती चित्रफीत घेतली आणि तिचे १६ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यानंतर बटण दाबल्याशिवाय पुढचा तुकडा येत नव्हता. मजकूर तोच, चित्रं तीच. तरीही आपल्या सवडीनं बटण दाबणाऱ्यांनी नव्या प्रश्नांची उत्तरं जास्त चांगली दिली. वर्गात प्रत्येकाच्या हाती बटण देता येत नाही. ते बटण बोलणाऱ्यानंच त्यांच्या वतीनं दाबायचं असतं, म्हणून समोरच्या चेहऱ्यांकडे बघत राहावं लागतं. पीपीटी वाचून दाखवणाऱ्याची पाठ वर्गाकडे असते, आणि पाठीला चेहरे दिसत नाहीत.

तोक्योत २००३ साली सुरू झालेलं पेचाकुचा, म्हणजे २० स्लाइड, प्रत्येकी २० सेकंद, किंवा क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ साली सुरू केलेली तीन मिनिटांत प्रबंध मांडण्याची स्पर्धा, यांची पुष्कळ विद्यार्थी तयारी करतात. पसारा आवरायला या दोन्हींची मदत होते. पण त्यांतलं घड्याळ बोलणाऱ्याच्या हातावर बांधलेलं आहे, ऐकणाऱ्याला त्यात थांबता येत नाही. तेवढ्यावरून वर्गातल्या सेमिनारची चाल ठरवू नये. त्यांच्याबद्दल चौथ्या प्रकरणात वाचा.

शेवटी मायकेल फॅरेडे यांच्याबद्दल सांगते, कारण या वाटेनं पहिल्यांदा नेटानं चालणारा शास्त्रज्ञ म्हणून मी त्यांना मानते. लोहाराचा मुलगा, पुस्तक बांधणीच्या दुकानातला उमेदवार. १८१२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली, त्यांची टिपणं काढली, ती स्वतः बांधली आणि त्या जोरावर पुढच्या वर्षी तिथेच मदतनीस म्हणून नोकरी मिळवली. काम होतं इतरांच्या व्याख्यानांची मांडामांड करण्याचं. १८१३ साली बेंजामिन ॲबट या मित्राला लिहिलेल्या पत्रांत या एकवीस वर्षांच्या मुलानं व्याख्यानाबद्दल बारीक निरीक्षणं कळवली आहेत. बोलणारा कसा उभा राहतो, प्रयोगाचं टेबल कसं असावं, श्रोते किती वेळ तग धरतात. एका तासाच्या पुढे जाऊ नये, हे मतही त्यातलंच. स्वतः मोठं व्याख्यान देण्याआधी कितीतरी वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या श्रोत्यांकडे बघत होता.

पुढे त्यांनी उच्चार आणि वक्तृत्व यांचे धडे घेतले. १८२७ ते १८६० या काळात मुलांसाठी १९ नाताळ व्याख्यानमाला दिल्या. त्यातली शेवटची फक्त मेणबत्तीवर होती, आणि तिची सहा व्याख्यानं आजही पुस्तकरूपानं वाचली जातात. तरीसुद्धा, बोलता बोलता आपण वेग घेतो ही स्वतःची खोड त्यांना ठाऊक होती. म्हणून व्याख्यानाच्या वेळी 'सावकाश' असा ठळक अक्षरांतला पुठ्ठा ते आपल्यासमोर ठेवत. विसरून भरधाव निघाले की अँडरसन या मदतनीसानं तो पुठ्ठा त्यांच्या नजरेसमोर आणायचा, असा त्याला हुकूमच होता. तास संपत आला की 'वेळ' असं लिहिलेला दुसरा पुठ्ठा यायचा. इतका तयारीचा वक्ता, आणि त्यालाही कोणीतरी बाहेरून सांगावं लागत होतं. आतून ते कळत नाही.

म्हणून पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या विभागात पुढचा सेमिनार कधी आहे ते बघा, तो तुमचा नसेल तर अधिक चांगलं. आपल्या विषयाशी संबंध नसलेला असेल तर त्याहून चांगलं. शहरात मराठी विज्ञान परिषदेचं एखादं व्याख्यान असेल तर तेही चालेल. शेवटच्या बाकावर बसा. एक वही आणि घड्याळ बरोबर ठेवा. पहिली मान कितव्या मिनिटाला खाली गेली आणि त्याआधीच्या मिनिटात किती नवे शब्द आले, तेवढं लिहून घ्या. अशा दहा नोंदी झाल्या की हे पुस्तक वाचायला घ्या, आणि तुमच्या स्वतःच्या तालमीला एका मित्राला 'सावकाश'चा पुठ्ठा देऊन समोर बसवा.